सरावापुरती म्हैस

माझ्या हातून जो घोळ झाला, त्याला आमच्या गावात आता कोणी घोळ म्हणत नाही. 'गजूची योजना' म्हणतात! पण तुम्ही घरची माणसं, तुमच्यापासून काय लपवायचं? सांगतो सगळं. फक्त हसू आलं तर कप आधी खाली ठेवा.

आर्णीपासून थोडं आत आमचं गाव, आणि गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा. दोन्हीकडच्या घरांचा मिळून एक शेतकरी गट आहे. मी शाळा नववीत सोडली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशात कापूस अडकतो. पण मोबाईल बरा चालवतो, म्हणून गटाचा सचिव मी.

गटाला एक यंत्र घ्यायचं होतं. अध्यक्ष नामदेवकाका म्हणत, सोयाबीन काढायला थ्रेशर घेऊ. तांड्यावरचे किसनभाऊ म्हणत, माल वाहायला पिकअप घेऊ. झालं! बैठकीमागून बैठक, आणि प्रत्येक बैठकीत तेच.

"पिकअप उभी राह्यली तरी डिझेल पेते!"

"आन् तुमचं थ्रेशर? हंगाम सरला का कोंबड्या बसते त्याच्यावर!"

"तुमची जातच वाहतुकीची रे किसन, तुले चाकाबिगर काही दिसते का?"

"आमच्या आज्यानं बैलावर मीठ आणलं म्हणून तुमच्या आज्याच्या भाजीले चव आली, काका!"

शेवटी नामदेवकाकांनी जाहीर केलं, "येत्या बैठकीत ठरलं तं ठरलं. नाही तं गट मोडला समजा."

गट मोडणं मला परवडणारं नव्हतं. का? अहो, गावभर मी 'नववीवाला'. या गटात मात्र सगळे 'सचिव' म्हणतात. गट मोडला की मी पुन्हा नववीत!

तेव्हा मला दारव्ह्याच्या प्रशिक्षणात पाहिलेली एक वेबसाइट आठवली. संस्थांना निर्णय घ्यायला मदत करणारी. तिच्यात पर्याय टाकायचे, आपल्याला काय काय पाहिजे ते मुद्दे टाकायचे, कोणता मुद्दा किती महत्त्वाचा ते सांगायचं. मग प्रत्येकानं आपापल्या मोबाईलवर पर्यायांना गुण द्यायचे. बेरीज तीच करते आणि निकाल सांगते. आरडाओरडा नाही, कॉलर धरणं नाही. मला तर ती माझ्यासारख्या लाजऱ्या माणसानंच बनवली असावी असं वाटलं.

मी मुद्दे गोळा करत फिरलो.

"डिझेल अजिबात नाही पेलं पाह्यजे!" नामदेवकाका म्हणाले. मतलब पिकअप बाद. आता ट्रॅक्टरवर चालणारं थ्रेशर काय ताक पितं? पण ते त्यांना सुचलं नाही, आणि मी कशाला बोलतो!

"बारा महिने काम दिलं पाह्यजे. रोज!" किसनभाऊ म्हणाले. मतलब थ्रेशर बाद.

त्यांच्या बायको शेवंताकाकू पदर खोचत म्हणाल्या, "बाईमाणसाले चालवता आलं पाह्यजे. आन् मिस्त्रीची वाट पाहाले लावू नये."

प्रत्येकानं आपापला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा म्हणून सांगितला. मी तो तसाच भरला.

आता आमच्या घरी रेंज फक्त गोठ्यात येते. मी वैरणीच्या भाऱ्यावर बसून सगळं भरत होतो. पर्याय एक, थ्रेशर. पर्याय दोन, पिकअप. तर वेबसाइट म्हणते, निदान तीन पर्याय द्या! तिसरा कुठून आणू? वर पाहिलं. समोर आमची म्हैस रवंथ करत होती. म्हटलं, सरावापुरतं टाकू, मग काढू. टाकली म्हैस.

आणि आईनं हाक मारली, "गजू, पाणी दाखव रे तिले!"

पाणी दाखवलं. काढायचं राहिलं.

बैठक मारुतीच्या देवळात. मी एकच शहाणपणा केला होता, आधी सगळ्यांना पायरीला हात लावून शपथ घ्यायला लावली: मोबाईल जे सांगेल ते मान्य. मग लिंक पाठवली. सगळे माना खाली घालून गुण देऊ लागले. देवळात इतकी शांतता कीर्तनालाही नसते!

किसनभाऊंनी मला कोपरानं ढोसलं. "गजू, हे तिसरं खरंच टाकलं का तू?"

मी एकाचा फोन चालू करून देत होतो. वाटलं, ते तिसऱ्या, म्हणजे शेवंताकाकूंच्या मुद्द्याबद्दल विचारत आहेत. म्हटलं, "विचार करून टाकलं, भाऊ."

"बरं बा," म्हणाले, आणि गुण देऊ लागले.

निकाल उघडला. थ्रेशरची पट्टी करंगळीएवढी. पिकअपची त्याहून आखूड. आणि तिसरी पट्टी पार स्क्रीनच्या कडेला टेकलेली!

"वाच ना बे!" नामदेवकाका ओरडले.

"म्ह… म्हैस."

मला सांगायचं होतं, चुकून राहिली हो! पण कापूस अडकला.

"कोन्या गाढवानं टाकली म्हैस? मी तं मजाक समजून गुण देल्ले!"

"पन काका," किसनभाऊ हळूच म्हणाले, "डिझेल पेते का ते?"

"नाही."

"रोज देते का नाही?"

"देते. पन…" नामदेवकाका थांबले. डोळे बारीक केले. "म्हंजे पिकअप नाही आली?"

"थ्रेशरबी नाही आलं!"

दोघांच्या तोंडावर जे समाधान पसरलं, ते मी त्यांच्या पोरांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. शेवंताकाकू उठल्या. "शपथ घेतली ना? मंग आता कायले बसले? बाजार कधी हाय?"

आणि म्हशी आल्या! गट मोडला नाही. दूध आर्णीच्या हॉटेलांत जायला लागलं, आणखी म्हशी आल्या, गोठा मोठा झाला. आजूबाजूच्या गावचे लोक बघायला येऊ लागले. दारव्ह्याच्या त्याच प्रशिक्षणात मला हार घालून समोर उभं केलं. साहेबांनी विचारलं, "सगळे यंत्राचा विचार करत असताना तुम्हाला हा पर्याय कसा दिसला?"

घशात कापूस. कसंबसं म्हणालो, "सर… समोरच होती."

काय टाळ्या पडल्या! मागच्या रांगेतल्या एकानं तर ते लिहून घेतलं.

मग प्रश्न आला, पहाटे दुधाचे कॅन आर्णीला कोणी न्यायचे? नामदेवकाकांचा मुलगा की किसनभाऊंचा पुतण्या? पुन्हा वाद, पुन्हा वेबसाइट. या वेळी मी पक्का सावध! गोठ्यात बसलो, दोन नावं भरली. वेबसाइट म्हणते, निदान तीन द्या. मी म्हशीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई, तुझं नाव आता चुकूनही टाकणार नाही.

सरावापुरतं स्वतःचं टाकलं.

आता रोज पहाटे गाडीला कॅन बांधतो, तेव्हा ती माझ्याकडे बघत रवंथ करते. बघणारच. त्या गोठ्यात सरावापुरते टाकलेले आम्ही दोघंच!