तिसरीचं स्थलांतर

आमच्या शाळेतल्या तिसरीच्या मास्तरांइतका जागचा न हलणारा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडला नसता, आणि स्थलांतराचं वेड नेमकं त्यांनाच होतं. जन्मल्यापासून त्यांनी गावाची वेस ओलांडली नव्हती. जवळच्याच वळसंगला सख्ख्या मेहुणीचं लग्न निघालं, तर 'परगावचं पाणी बाधतं' म्हणून यांनी बायकोला एकटीला धाडलं. पण इतिहासाच्या तासाला मेंढरं घेऊन निघालेले धनगर, तेलंगणातून आलेले विणकर असे काही रंगवायचे, की पलीकडच्या माझ्या चौथीतली पोरं पाढे विसरायची. "अहो, इतिहास म्हणजे राजे नव्हेत, चालणारी माणसं!" असं मला सुनवायचे आणि बसल्या जागी सुपारी कातरत राहायचे.

हेडमास्तरांनी बजावलं होतं, "या खेपेला तपासणीत डेप्युटीसाहेबांचा वाईट शेरा आला, तर तुमची बदली सांगोल्याला." धास्तीनं मास्तरांचं जेवण तुटलं. साहेबांवर छाप पाडायची म्हणून तपासणीच्याच दिवशी त्यांनी "तिसरीत दुष्काळ पडलाय, निघा!" असं फर्मान काढलं. पोरं बसकरं, पाट्या, पाण्याची घागर घेऊन माझ्या वर्गात घुसली. एकानं तर घरून करडू आणलं होतं. मी ओरडतोय आणि माझी पोरं सरकून जागा देताहेत! साहेब आले तेव्हा तिसरीच्या रिकाम्या खोलीत मास्तर एकटेच उभे.

"मुलं कुठं आहेत?"

"दुष्काळामुळं निघून गेली, साहेब."

साहेब तरातरा माझ्या वर्गात आले नि गरजले, "आपापल्या वर्गात चला!" करडूवाला धनगराचा पोरगा शांतपणे म्हणाला, "आत्ताच कसं जावं, साहेब? तितं पाऊस कुटं पडलाय?"

साहेबांच्या मिशा हसल्या, पण शेरा पडायचा तो पडलाच.

सांगोल्याला जायला मोटार अड्ड्यावर मास्तर वळकटीवर बसले होते, चेहरा पार उतरलेला. त्यांना पोचवायला मी गेलो होतो, शिवाय त्यांच्या वर्गातल्या एका विणकर पोराची आई शेंगाचटणी-भाकरी बांधून घेऊन आली होती. ती दहा-बारा वर्षांमागं तेलंगणातून लग्न होऊन इकडं आलेली.

"मास्तर, नव्या गावात झोप येत न्हाय," ती म्हणाली. "घाबरू नका. येती मग."

"मग म्हणजे केव्हा हो?" मास्तरांनी अगदी लहान मुलासारखं विचारलं.

बाई पदर तोंडाला लावून हसली. "मला आली की सांगते."

मास्तरांची चेष्टा करायची माझी रोजची सवय, पण त्या दिवशी मोटार आली तशी मी त्यांची वळकटी उचलून टपावर चढवून दिली.