बाईचे दात

मांजरीचे दात रोज घासावे लागतात हे मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "खुळी हैस का गं तू? सोताचं डोकं विंचरायला सवड न्हाई तुला, आन् मांजराला बरश!" कोल्हापुरात आमच्या आळीतली मांजरं आपलं आपण बघून घेत. जयपूरला दोन खोल्यांत लॅपटॉपसमोर दिवस काढणाऱ्या आपल्या मुलीला बोलायला एका मांजरीशिवाय कुणी नाही, हे काही मला आईला सांगता आलं नसतं. मी हसले आणि विषय बदलला.

मांजरीला मी नाव ठेवलं नव्हतं. बाई म्हणायचे. विद्याधर नगरमधल्या त्या घराच्या गच्चीवर ती माझ्या आधीपासून होती. मी वरच्या मजल्यावर राहायला आले आणि आठवड्याभरात ती माझ्याकडे राहायला आली, तीही अशा थाटात की भाडेकरू नक्की कोण, असा प्रश्न पडावा. जनावरांच्या डॉक्टरांच्या अंदाजाने वय सहा-सात. दात घासायला त्यांनीच सांगितलं आणि शिकवलंही. आधी काही दिवस नुसती बोटावरची पेस्ट चाटवायची, मग बोट ओठाखाली फिरवायचं, मग बोटात घालायचा मऊ रबरी ब्रश. तोंड उघडायला लावायचं नाही. ओठ वर करून दातांची बाहेरची बाजू हिरडीच्या कडेने घासायची, पाव मिनिटात सोडून द्यायचं. माणसांची पेस्ट मांजराच्या पोटात जाता कामा नये. बाईची पेस्ट कोंबडीच्या चवीची होती आणि खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई कांदा-लसूणही न खाणाऱ्या, त्यामुळे ती ट्यूब माझ्या कपाटात स्वेटरांच्या मागे लपून असायची.

दिवेलागणीला काम संपलं की मी खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवायचे, बाई मांडीवर यायची आणि हनुवटी माझ्या तळहातावर ठेवायची. सव्वा वर्ष हे सुरळीत चाललं. मला त्याचा भलताच अभिमान होता.

एप्रिलमध्ये एक दात कमी झाला. खालच्या जबड्यात डाव्या बाजूला, सुळ्याच्या मागे जो पहिला दात असतो तो नव्हता. जखम नव्हती, रक्त नव्हतं, खळगाही नव्हता. गुलाबी हिरडी सपाट, जणू तिथे कधी काही उगवलंच नव्हतं. आदल्या रविवारी मी तो स्वतः घासला होता. निदान मला तसं वाटत होतं.

त्याच आठवड्यात लस टोचायला तिला वैशाली नगरच्या दवाखान्यात नेलं. गर्दी होती, शेजारी एक कुत्रा आकांत करत होता आणि बाई तोंडाला हात लावू देत नव्हती. डॉक्टरांनी जेमतेम ओठ वर केला आणि म्हणाले, "इसके दाँत गल रहे हैं. अगले हफ़्ते लाना, बेहोश करके ठीक से देखेंगे." म्हटलं, दात गळताहेत, म्हणजे वय झालं. तेवढं बघायला भूल कशाला द्यायची? आईला कळलं असतं तर तिने मला खुळ्यांच्या इस्पितळातच भरती केलं असतं. पुढचा आठवडा आला आणि गेला.

तो पडलेला दात मात्र मला हवा होता. लहानपणी आमचे दुधाचे दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकले जात. एकही दात जपून ठेवलेला नाही, याची मला उगाच हळहळ वाटते. म्हणून मी पलंग ओढला, गादी झटकली, केराची सुपली वर्तमानपत्रावर पालथी केली. मिशीचा केस सापडला, नखाचं टरफल सापडलं. दात नाही. मे महिन्यात उजव्या बाजूचाही गेला. तसाच. मागे काही न ठेवता. मी दोन खोल्या गुडघ्यांवर रांगत, मोबाइलच्या उजेडात पालथ्या घातल्या. दोन खोल्यांच्या घरात वस्तू जाऊन जाऊन जाणार कुठे?

याच सुमारास बाई भिंतीवर फिस्कारू लागली.

पहिल्यांदा पाहिलं ते दुपारी. मेमधल्या जयपूरच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पडदे ओढलेले, कूलरची एकसुरी घरघर, खोलीत पिवळट अंधार. बाई वाटीतलं खात होती. एकदम तिने तोंडातला घास टाकला, मागे उडी मारली आणि कान चपटे करून समोरच्या रिकाम्या भिंतीवर फिस्कारली. शेपूट बाटली घासायच्या ब्रशसारखी फुगलेली. मग पोट जमिनीला टेकवून ती तशीच मागे मागे सरकत पलंगाखाली गेली. भिंतीवर काही नव्हतं. पाल नव्हती, मुंगी नव्हती. मी हात फिरवून पाहिला, भिंत नुसती गरम होती.

मग ते रोज व्हायला लागलं. कधी वाटीपाशी, कधी जांभई देताना मध्येच. संध्याकाळी माझ्या मांडीवर असताना तर हमखास. ब्रश ओठाखाली गेला की ती माझ्या डोक्याच्या मागे, वर, काहीतरी उभं असावं तशी बघायची आणि घशातून असा आवाज काढायची की माझ्या मानेवर काटा यायचा. खुर्चीची पाठ भिंतीला. माझ्यामागे उभं राहायला जागाच नव्हती.

घरमालकीणबाईंना मी आंटीजी म्हणायचे. त्या एकदा पापड वाळवायला गच्चीवर आल्या असताना मी सहज बोलून गेले. त्यांनी हातातला पापड परत परातीत ठेवला.

"बिल्ली को दिखता है, बेटा," त्या म्हणाल्या.

"क्या दिखता है, आंटीजी?"

त्यांनी मला दिलेल्या खोलीच्या दाराकडे नजर टाकली. "मेरी सास का आख़िरी टाइम इसी कमरे में निकला. अस्पताल में उनकी बत्तीसी खो गई थी. नई बनवाई, वो लगाई ही नहीं. आख़िर तक यही कहती रहीं, मेरे दाँत दे दो, मेरे दाँत दे दो." बत्तीसी म्हणजे कवळी. मग पदराने चेहरा पुसून त्या आणखी म्हणाल्या, "तुम्हें पहले बताती तो तुम कमरा लेतीं क्या?"

बाईचे दात नाहीसे होत होते, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मी कॉम्प्युटरवर पोट भरणारी बाई. भूत-बित मी मानत नाही, आणि हे वाक्य मी त्या आठवड्यात स्वतःशी इतक्या वेळा म्हटलं की त्यातला जोरच गेला. मीठ टाकलेल्या पाण्याने फरशी पुसली. खुर्ची दुसऱ्या भिंतीला लावली. बाई तिथेही माझ्यामागेच बघत राहिली. मी दात रोज मोजू लागले. मला दातांची पर्वा नव्हती, खरं सांगायचं तर. बाई खंगून निम्मी झाली होती, पाठीचे मणके बोटांना लागत होते, आणि ही गेली तर या शहरात माझं कुणीच उरणार नाही, या विचाराने मी मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून रडत होते. मग मला वाटलं, निदान आपल्या हातात आहे ते तरी नीट करावं. म्हणून मी दिवसातून दोनदा घासायला लागले. जरा दाबून.

शेवटच्या दिवशी, संध्याकाळचे सहा वाजले असतील, मी ब्रश वरच्या दाढेला लावला आणि तिचा जबडा आपोआप कटकट कटकट वाजायला लागला. बाहेर लख्ख उजेड होता. ती माझ्या हातात असून ते थांबेना, तिच्या ताब्यात नसल्यासारखं. मग ती माझ्या खांद्यावरून मागे बघत किंचाळली. माणसासारखी. मी पण वळून पाहिलं, अगदी झटकन, आणि भिंतीवर आम्हा दोघींची सावली पाहून मीही ओरडले. ब्रशवर रक्त होतं.

रिक्षात टोपली मांडीवर घेऊन मी झोटवाड्याच्या गर्दीत अडकले होते, तेव्हा आतून काहीच आवाज येत नव्हता. मी दर मिनिटाला जाळीतून बोट आत घालत होते आणि ती दर वेळी चाटत होती.

"दाँत गिर रहे हैं, डॉक्टर साहब," मी सांगितलं. "पर घर में कहीं मिलते नहीं." हे बोलताना माझा आवाज कसा झाला असेल कोण जाणे, कारण डॉक्टरांनी मला आधी बसायला सांगितलं.

"गिर कहाँ रहे हैं? मैंने कहा था, गल रहे हैं."

हिंदीत ळ नाही. इथे आल्यापासून मला सवयच लागली आहे, समोरचा ल म्हणाला की जिथे हवा तिथे मी मनातल्या मनात ळ घालून घेते. फल म्हणजे फळ, काला म्हणजे काळा. कधी अडलं नव्हतं. गलना म्हणजे विरघळणं, सडत विरून जाणं, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण कानाने ते माझ्यापर्यंत पोचूच दिलं नाही. पानं गळतात, केस गळतात, तसं ऐकलं आणि मी सात आठवडे केर चाळत बसले.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. काही मांजरांचं शरीर स्वतःचेच दात आतून खातं, ते म्हणाले. का, ते नीट कुणालाच ठाऊक नाही. वरून दात धड दिसतो, आत नस उघडी पडलेली असते. शेवटी वरचा भाग विरून जातो आणि हिरडी मिटते. दोन दातांच्या जागी हाडात नुसता पांढरट धूर दिसत होता. तिसऱ्याचं अर्धं मूळ गेलेलं, आणखी चार दातांना आतून सुरुवात झालेली. ब्रशने ते होत नाही आणि ब्रशने थांबतही नाही. काढणं एवढाच उपाय.

"इसको कोई छूता था क्या यहाँ?" त्यांनी एक्स-रेतल्या दाढेवर पेनने खूण करत विचारलं.

मी म्हटलं, मी. रोज दोन वेळा.

मग मी भिंतीचं विचारलं. ते पेन बंद करत म्हणाले, "जानवर को समझ नहीं आता कि दर्द अंदर से आ रहा है. वो ढूँढता है कि किसने मारा."

पाच दात काढले. दहाव्या दिवशी ती ओल्या खाण्याची वाटी चाटूनपुसून खायला लागली, महिन्याभरात मणके पुन्हा मांसात गेले, आणि घरात मला एकटीलाच ते ऐकू येईल इतक्या हळू ती घुरघुरायलाही लागली. ती वाचली आणि तिच्यासोबत मीही वाचले, हे मला ती घुरघुरली त्या दिवशी कळलं.

उरलेले दात घासावे लागतात. हिरड्या पूर्ण भरल्यावर मी पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं, नुसत्या बोटापासून. मला वाटलं होतं, ती आता मला जवळ करणार नाही. त्या सगळ्या आठवड्यांत दुखवत मी होते, तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या तोंडात माझंच बोट होतं. तरी ती माझ्यावर एकदाही फिस्कारली नाही. मारणारं दुसरंच कुणीतरी असणार, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

आता संध्याकाळी ती मांडीवर येते, आधी माझ्या खांद्यावरून मागे बघते, कुणी नाही याची खात्री करून घेते, आणि मग हनुवटी माझ्या तळहातावर ठेवते.