दुसऱ्या पसंतीचं मत

स्टिअरिंगवरचा हात न काढता ते फक्त एक बोट उचलायचे. आयर्लंडच्या आडरस्त्यांवर गाडी चालवली असेल, तर असा नमस्कार तुम्हालाही मिळाला असेल. समोरचा ओळखीचा असो की परका, शेणाचिखलानं माखलेल्या जीपमधून ते बोट वर व्हायचंच.

नास गावाबाहेर आमच्या वसाहतीला लागून त्यांची कुरणं. जन्मभर गाई पाळल्या आणि कित्येक वर्षं काउंटी कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेवर, निवडून आले. मी पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. हॉस्पिटलकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. ड्यूटीला निघालेल्या आमच्या भारतीय डॉक्टर मंडळींच्या अगदी अंगावरून गाड्या जायच्या. मी एक जळजळीत पत्रक लिहून नेलं होतं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं.

"ग्रँड लिहिलंयस. पण एवढी रागावली आहेस, तर आधी चहा घे."

चहा पिताना कळलं, फुटपाथ करायचा तर शेतांच्या कडेची पट्टी जाणार आणि शेतकरी ती सुखासुखी सोडणार नाहीत. तरी त्यांनी ठराव मांडला, पहिली पट्टी स्वतःच्या कुरणाची दिली आणि ठराव मंजूर करून घेतला. त्यानंतर गुरांच्या बाजारात शेजारी त्यांच्याशी बोलेनासे झाले.

निवडणूक आली. नागरिक नसलो तरी कौन्सिलसाठी आम्हाला मत आहे, हे आम्हाला आमच्या दारात उभं राहून त्यांनी सांगितलं. हे उपकार मी विसरणार नाही. मीही खरं तेच सांगितलं: माझं पहिलं मत घरभाड्यांवर लढणाऱ्या एका तरुण मुलीला.

"मग दुसरं मला दे. आणि मत द्यायला शेजारणीलाही घेऊन जा. ती कुणालाही देऊ दे."

इथे उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे असतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार निवडून आला किंवा बाद झाला, की मगच त्या मताची दुसरी पसंती मोजायची. माझी उमेदवार निवडून आली, पण त्याआधीच ते बाद झाले होते. शेतकऱ्यांनी पाठ फिरवली होती आणि माझं दुसरं मत त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही. मतमोजणीच्या हॉलमध्ये मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तिला आता मोकळं सोडू नकोस," ते म्हणाले. "निवडून दिलंयस ना? मग जाऊन भांडत राहा."

फुटपाथ झाला. उद्घाटनाला सगळे नवे सदस्य जमले. त्यांना मात्र कुणी बोलावलं नव्हतं. त्यावरून मी तिथेच त्या मुलीशी भांडले. तेवढ्यात त्यांच्या कुरणाच्या तारेपलीकडे ते दिसले. तोडलेल्या कुंपणाच्या जागी काटेरी झुडपांची रोपं लावत होते. मी तार ओलांडून गेले.

"आलीस? ती रोपांची जुडी दे इकडे," एवढंच म्हणाले.

ते वारल्यावर मी उद्घाटनाचा फोटो शोधून काढला. पुढे सगळे हसताहेत. मागे, तारेपलीकडे, दोन वाकलेल्या पाठी आहेत. त्यातली रुंद पाठ त्यांची.