दम सारखा चढत नाही

वडूजच्या आमच्या मेजरांना पोरांची आडनावं कधी लक्षात राहिली नाहीत. आजोळ मात्र एकदा ऐकलं की कायमचं. भरतीच्या तयारीला कुणी नवं ग्राउंडवर आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आईचं माहेर कुठलं?" उत्तर ऐकून ते त्याला असं निरखायचे, जणू बाजारात खोंड बघायला आलेत. खरं तर ते हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्याकडे फौजेतून पेन्शनवर आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, आणि तेही ही बढती मिशीला पीळ देत मिरवायचे.

माझी आई मेढ्याकडची. ते कळल्यावर मला पळवून बघायच्या आधीच त्यांनी निकाल देऊन टाकला. "हिची आय डोंगराची लेक हाय. हिला दम शिकवायला नगं, नुसता मोकळा करायचा." मला पोलीस भरतीला पाठवायला वडील कुरकुरत होते, त्यांनाही मेजरांनीच वळवलं. पावसाळा सरेपर्यंत मी मुलांच्या बरोबरीने पळायला लागले. मेजर भलतेच खूश. येईल त्याला सांगायचे, "बघा, खाण तशी माती!"

ही म्हण त्यांच्या स्वतःच्या घरात येऊन अडली. त्यांचा एकुलता एक मुलगा दत्ता आमच्याबरोबरच पळायचा. आजोबा फौजेत, वडील फौजेत, मामाही फौजेत. भाकरी तीच, ग्राउंड तेच, आणि सराव आमच्यापेक्षा जास्तच. पण माझी वेळ सुधारत गेली नि त्याची जिथल्या तिथे राहिली. शेवटच्या फेरीत चेहरा काळवंडायचा, तरी गडी थांबायचा नाही. "दोन्हीकडनं फौज, आन् तुला काय धाड भरलीय रं?" असं ओरडत मेजर आम्हाला सोडून द्यायचे आणि त्याला पुन्हा पळवायचे. त्यांना वाटायचं, दम आत आहेच, पोरगंच तो बाहेर काढत नाही. आम्ही चपला शोधायचं निमित्त करून खाली बघत राहायचो.

एकदा दत्ता चक्कर येऊन पडला, तेव्हा ते त्याला साताऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आजार काहीच नाही. एकाच सरावाने एकाचा दम झपाट्याने वाढतो, दुसऱ्याचा थोडाच. जन्मतः आलेल्या घडणीचाही त्यात भाग असतो, आणि ती सख्ख्या भावंडांतसुद्धा वेगळी निघते. आईबापाकडचं सगळंच मुलात उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी मेजर ग्राउंडवर आले, पण कुणावर ओरडले नाहीत. सराव संपल्यावर त्यांनी सगळ्यांना खाली बसवलं. "माझं चुकलं," ते म्हणाले. "घाम सगळ्यांचा गळतो, पर दम सारखा चढत न्हाई. माझ्या पोरानं तुमच्यापरीस जास्त घाम गाळलाय." दत्ता मान खाली घालून बुटाची नाडी सोडत होता. त्यानंतर मेजरांनी कुणालाच आजोळ विचारलं नाही, आणि सगळ्यांना एकाच मापाने पळवणंही सोडलं. ग्राउंड शहाणं झालं, पण मला ते जुने ओरडणारे मेजरच आवडायचे.

दत्ताचं भरतीचं वय उलटून गेलं आणि वर्दीचं स्वप्न मिटलं. मी निवडले गेले. पेढे घेऊन गेले तेव्हा मेजरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण दत्ताकडे बघायचं टाळलं. शेवटी त्यानेच पुड्यातला पेढा उचलून वडिलांच्या हातावर ठेवला.

पुढे मेजरांनी अंथरूण धरलं. ग्राउंड दत्ता सांभाळू लागला. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मेजरांनीही त्याला कधी कसं चाललंय म्हणून विचारलं नाही.

आता मी सांगलीत असते. सकाळी पळते, दम लागत नाही. त्यात माझी कमाई किती आणि आईकडून फुकट आलेलं किती, कुणास ठाऊक! मागून मेजरांची एखादी शिवी यावी, असं मात्र फार वाटतं. इथे कुणी शिव्या देत नाही, सगळे 'मॅडम' म्हणतात.

मेजर गेले तेव्हा मी बंदोबस्तावर होते. गावी पोचले ती थेट दहाव्याला. दत्ता ओट्यावर एकटाच बसला होता. शेवटी काही बोलले का, असं मी विचारलं.

"पहाटं डोळं उघडलं," तो म्हणाला. "मी पाय दाबत हुतो. माझ्याकडं बघून म्हनले, 'तू हितं काय करतोयस रं? पोरं खोळंबली असतील ग्राउंडवर. जा.' तुला सांगतो, आजवर मला पळायलाच धाडलं हुतं त्यांनी. शिकवायला पयल्यांदाच."

"मग?"

"मग गेलो. आलो तवर आप्पा गेलं हुतं."

त्याने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं.

"सगळी पोरं पळवूनच आलो गं. एक बी फेरी कमी केली न्हाई."