दोन काँगो

ऑगस्टिनभाई नसते तर ओमानमधल्या सोहारची माझी नोकरी पहिल्याच वर्षी गेली असती. आजही पेटीवर पत्ता रंगवताना काळ्या रंगाचा वास आला की मी कागद पुन्हा वाचतो.

त्या दुपारी पंपांच्या पेट्यांवर मी मागच्या पेट्यांसारखंच ‘काँगो, ब्राझाव्हिल’ रंगवलं. सातवीत शाळा सोडलेली. काँगो नावाचे दोन देश आहेत, हे मला कुठून ठाऊक?

माझ्यासोबत काम करणारे ऑगस्टिनभाई तिकडचेच. मालाचा कागद बघून हळूच म्हणाले, “भाई, माल किन्शासा का है. बीच में नदी. उधर सरकार अलग, पैसा अलग, पोर्ट भी अलग.”

तेवढ्यात अर्बाब, म्हणजे आमचा मालक, ओरडला, “यल्ला, ट्रक भरो.”

“अभी रंग गीला है,” म्हणत भाईंनीच ब्रश उचलला आणि ब्राझाव्हिल खोडून किन्शासा रंगवलं.

आता त्यांचा भाऊ इथे कामाला येतोय. कामाचा करार नीट समजल्याशिवाय त्याला मी सही करू देणार नाही. भाईंचे उपकार असेच फेडीन.