प्रशिक्षणातला मतदार

मतदार म्हणून आत यायचे असले की ते चपला दाराबाहेर काढत. शिपाई म्हणून चहा घेऊन यायचे असले की घालूनच येत. खालापूरच्या निवडणूक प्रशिक्षणाला आपल्यापैकी जे कधी बसले असतील, त्यांना हा फरक आठवेल. चपला उतरल्या की प्रात्यक्षिक सुरू झाले, असे समजायचे.

तहसील कार्यालयातले हे शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणत. मतदान केंद्रावर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे अडचणीच्या मतदाराचे सोंग घेण्याचे काम त्यांच्याकडे कोणत्या आदेशाने आले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कधी ते बोटाला शाई लावू न देणारा तरुण होत, तर कधी दारू पिऊन आलेला सरपंचाचा मेहुणा. सरावाच्या यंत्रावर खोटी चिन्हे असत. ती पाहून म्हणत, "हे बरं हाय. खऱ्यात पक्ष दोनाचे चार झालेत, नि मानसाचं बोट एकच ऱ्हायलंय." स्वतःचे मत कोणाला, हे मात्र त्यांनी कधी कळू दिले नाही.

मागच्या लोकसभेच्या वेळी मी पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष झाले. कर्जतच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. मार्गदर्शक पुस्तिका दोनदा वाचून मी एका मतदाराला किती सेकंद लागावेत याचा तक्ताही केला होता. मामा डोक्यावर टॉवेल घेऊन, कमरेत वाकून आले.

"बाय, माजं नाव बघ गं."

सरावाच्या यादीत त्या नावापुढे आधीच खूण होती. म्हणजे त्या नावावर दुसरेच कोणी मत देऊन गेले होते. मी तत्परतेने म्हटले, "आजी, तुमचे मतदान झाले आहे. पुढच्यांना येऊ द्या."

मामांनी टॉवेल काढला. "गेली बघा म्हातारी. आता बोलवा तिला, मॅडम!"

सभागृह हसले. माझे कान तापले.

नियम मला ठाऊक होता. ऐन वेळी सुचला नव्हता, इतकेच. ओळख पटली तर अशा मतदाराला वेगळी, कागदी मतपत्रिका द्यायची आणि ती स्वतंत्र पाकिटात ठेवायची. चहाच्या वेळी मी त्यांना गाठले. "मामा, पण ती पाकिटातली मते सहसा मोजतच नाहीत. निकालावर परिणाम शून्य."

"निकालावर शून्य हाय, मॅडम. म्हातारीवर नाय."

मग कळले की म्हातारी खरी होती. भिवपुरीपलीकडच्या गावात राहणारी त्यांची आई. फार वर्षांपूर्वी तिला असेच परत पाठवले होते. "सायेब बोलले, तुमचं झालंय. ती घरी येऊन बोलली, माजं झालंय. तवापासून केंद्राची पायरी चढली नाय."

"तुम्ही घेऊन जायचे ना."

"मी? मतदानाच्या दिवशी मी कदी घरी असतो का? समद्या तालुक्याच्या पेट्या उचलतो, नि घरचं एक मत ऱ्हातं."

यंदा विधानसभेच्या प्रशिक्षणात मामा नव्हते; मध्यंतरी निवृत्त झाले होते. त्यांच्याऐवजी पडद्यावर चित्रफीत दाखवली. चित्रफितीतला मतदार अत्यंत शहाणा होता.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी भिवपुरी स्थानकावर उतरून त्यांच्या गावी गेले. मतदानाला दहा दिवस उरले होते. अंगणात स्टुलावर मतदानकक्षासारखा एका बाजूने उघडा पुठ्ठ्याचा खोका, शेजारी खुर्चीत मामा अधिकारी होऊन बसलेले, आणि बरीच दूर, काठी टेकून उभी असलेली नऊवारीतली किरकोळ म्हातारी.

"चारी पक्षांच्या गाड्या येऊन गेल्या, मॅडम," मामा म्हणाले. "पत्रकं वासरानं खाल्ली. समद्यांची सारखीच." मग आईकडे वळून, "ये गं आये. औंदा मी हाय संगं."

ती जागची हलली नाही. "तितं खुर्चीत तू नसशील. दुसरंच कोन बसंल." तिने माझ्याकडे पाहिले. "ही कोन रं?"

"मोट्या मॅडम हायेत. केंद्रावर बसतात."

"ही पाठवंल का मला माघारी?"

 उत्तर मामांनीच दिले. "एकदा पाठवलीय यांनी. आता नाय पाठवनार."

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग काठी भिंतीला लावून ती सावकाश पुढे आली. मामांनी उठून मला खुर्ची दिली आणि स्वतः आईच्या मागे, रांगेत उभे राहिले.