शिंगभर अंतर

मेट्रनबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी हात पाहत. गॅस सिलिंडरवाला येवो, लग्नाची पत्रिका घेऊन कोणी जोडपं येवो, नाहीतर वर्गणीला मंडळाची पोरं येवोत, बाई दार अर्धं उघडून म्हणत, "हात दाखव." समोरचा गोंधळून तळवे पुढे करी. बाई ते उलटसुलट करून बघत, नखांवरून नजर फिरवत आणि मगच कामाचं विचारत. आमच्या इमारतीत, म्हणजे स्कीममध्ये, नव्यानं राहायला आलेल्या एका इंजिनिअरला वाटलं, बाई हात पाहून भविष्य सांगतात. त्यानं आशेनं नोकरीचं विचारलं. बाई म्हणाल्या, "नोकरीचं मले काय मालूम गा. नखं तेवढी काप."

धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या खापा गावच्या, नदीकाठी शेती असलेल्या घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या फ्लॅट स्कीमच्या तळमजल्यावर एकट्या राहत. पन्नाशीच्या आतला पुरुष त्यांच्या लेखी 'गा' आणि बाई 'वं'. मी स्कीमचा सेक्रेटरी होतो, सदर भागातल्या एका ऑफिसात बऱ्यापैकी हुद्द्यावर होतो, पण बाईंसमोर मीही 'गा'च.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा तान्हा पोळा भरतो. पोरं नटूनथटून, लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात. घरची बाई बैलाचे पाय धुते, त्याला टिळा लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ, नाहीतर एखादं नाणं. मेट्रनबाईंच्या दाराशी त्या दिवशी पाण्यानं भरलेली बादली, लाल साबण आणि पंचा मांडलेला असे. बैलाचे पाय त्या धूतच, पण बैलवाल्यालाही कोपरापर्यंत हात धुवायला लावत. कृष्ण झालेल्या पोरांच्या बाह्या भिजत, झाशीच्या राण्यांची काजळं ओघळत. पोरं मग बाईंचं दार आलं की बैल उचलून धूम ठोकत. बाई दारातूनच ओरडत, "पळा, पळा. जंतू तुमच्याहून जोरात पळते."

मग ती साथ आली आणि सगळं शहरच हात धुऊ लागलं. दुसरा कोणी असता तर 'मी म्हणत नव्हते?' असं म्हणत चार दिवस मिरवला असता. बाईंनी तसं कधी केलं नाही. जुन्या दवाखान्यानं नव्या पोरींना शिकवायला बोलावलं, तर डबा बांधून निघाल्या. संध्याकाळी परत आल्या की अंगणातल्या नळावर हातपाय धुवायच्या आणि वरच्या गॅलऱ्यांकडे बघून म्हणायच्या, "कोणाकोणाले ताप आहे, खरं सांगा. ताप लपवला तं तो जात नाही, शेजारी जाते."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. ते लिहायचं मी आजवर टाळत आलो. दुसऱ्या लाटेत माझी आई गेली. आजार घरात मी आणला होता. ऑफिसात एका साहेबाचा निरोपसमारंभ होता. जाऊ नये हे कळत होतं, तरी गेलो. मला साधा खोकला झाला, आईला दवाखाना लागला. खाट मिळत नव्हती तेव्हा मेट्रनबाई स्वतः धंतोलीत दारोदार फिरल्या. खाट मिळाली, आई मिळाली नाही. घरात कोणी मला एका शब्दानं बोललं नाही, आणि मीही कोणापाशी बोललो नाही. मी फक्त दारं लावून घेतली. घराची लावली, आणि सेक्रेटरी होतो म्हणून स्कीमचीही. मुलांचं खाली खेळणं बंद, सायकली बंद, गच्ची बंद.

माझी मुलगी रेवा तेव्हा दुसरीत होती. आजी गेल्यापासून ती जिना उतरली नव्हती. आधी मी उतरू दिलं नाही, आणि नंतर तिलाच उतरावंसं वाटेना. बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची. एकदा बायकोनं तिला म्हटलं, अगं, खाली शेजारची रिया आलीय, गॅलरीतून हात तरी कर. तर म्हणाली, तिच्याकडेही आजी आहे ना, मग नको.

त्या वर्षी पोळा जवळ आला तेव्हा साथ ओसरली होती, पण लहान मुलांना लस नव्हती. मी स्कीमच्या ग्रुपवर टाकून दिलं की तान्हा पोळा घरातल्या घरात करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि खालूनच हाक मारली.

"सेक्रेटरी, लेकरांचा पोळा काहून बंद केला गा?"

मी गॅलरीत आलो. म्हटलं, बाई, लेकरांना लस नाही, जबाबदारी कोण घेणार?

"म्हणून तं नीट करू म्हणते. बैल दारात घ्याच्या आधी आपण त्याचे पाय धुतो का नाही? मंग हाकणाऱ्याचे हात धुतले तं काय बिघडते? खळ्यावर बैलाले मुसकं बांधतो का नाही? मंग लेकराले मास्क बांधला तं काय झालं? पोळ्यात सारं आधीपासूनच आहे. तुले फक्त बंद करता येते."

शेवटचं वाक्य सगळ्या गॅलऱ्यांनी ऐकलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये दूरदूर खुर्च्या टाकून बैठक झाली. तिथंही मी तेच म्हणत राहिलो, एका पोराला काही झालं तर? बाई उठल्या. म्हणाल्या, "एकाही लेकराले ताप आला तं मी हे घर सोडून खाप्याले चालली जाईन. मंग झालं?" बाईंचा शब्द म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. बैठक तिथंच संपली. मी घरी आलो तो रागावूनच. लोकांपुढे हरल्याचा राग होता तो, आईच्या आठवणीचा नव्हता. आज कबूल करतो.

बाईंनी खाप्याहून भावाकडचा जाड दोर मागवला. गोठ्यात बैलं ओळीनं बांधतात त्या दावणीसारखे त्याला फास घातले. किती अंतरावर? टेप मी नेऊन दिला होता, तो त्यांनी परत केला. "एका बैलानं मान फिरवली तं दुसऱ्याले शिंग लागू नाही, एवढं." आणि हात पसरून, मान इकडेतिकडे वळवून त्यांनी स्वतःच बैल होऊन अंतर ठरवलं. पोरं गॅलरीतून हसत होती. पुढचे चार दिवस स्कीममध्ये एकच खेळ चालला. कोणी कोणाच्या जवळ गेलं की तिसरा ओरडायचा, "शिंग लागलं, शिंग लागलं." भाजीवाल्याभोवतीच्या बायकाही एकमेकींना तेच म्हणू लागल्या. माझ्या सूचनांनी दीड वर्षात झालं नव्हतं ते त्या शिंगांनी करून टाकलं.

रेवा मात्र नाहीच म्हणत होती. तिचा बैल आजीनं घेऊन दिलेला होता, चाकांचा, पाठीवर लाल झूल असलेला. ती त्याला पलंगाखाली ठेवायची. बायकोनं हे बाईंना सांगितलं. बाई वर आल्या, दाराबाहेरच थांबल्या आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "रेवा, तुले कोनता फास पाहिजे वं?"

बाईंनी उंबऱ्याबाहेरूनच पुढं विचारलं,

"शेवटचा घेशील काय? शेवटच्याच्या मागे कोनी राहत नाही. ना तुले शिंग लागत, ना तुह्यं कोनाले."

आतून रेवाचा आवाज आला, "आणि पुढच्याला?"

"पुढे मी राहीन. माह्ये दोन्ही डोस झाले, अन् माह्यं कातडं म्हशीचं आहे."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी अंगणात आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. जिन्याच्या तोंडाशी बादली आणि साबण होता, आणि या वेळी पोरं धुतलेले हात वर धरून ओळीनं उभी होती, पंख्याखाली वाळवावेत तसे. मास्क सगळ्यांच्या सोंगात बसले होते. एकानं मास्कवर मिशा काढल्या होत्या. एक जण अंगाला थर्माकोलचे काटेरी गोळे चिकटवून कोरोनाचा बडग्या झाला होता. शहरात सगळ्या रोगराईचा पुतळा करून मिरवतात आणि जाळतात तसा. त्याला दिवसभर सगळ्यांनी हाकललं आणि तो भलता खूश होता. ओरडायला बंदी होती, म्हणून प्रत्येक फासाला बाईंनी घुंगरू बांधले होते. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे ते चेष्टेचे आरोळीचे दोहे, म्हणायचं काम वरच्या मोठ्यांचं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्यावरच एक रचली:

"सेक्रेटरीनं लावलं कुलूप, किल्ली ठेवली खिशात,
मेट्रनबाईनं हाकली बैलं, सेक्रेटरी राहिला घरात."

सगळी स्कीम हसली. मी घरातच होतो, गॅलरीत. आणि तेवढ्यात रेवा खाली दिसली. माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेली, बगलेत बैल. तिनं हात धुतले, परत धुतले. बाईंनी तिसऱ्यांदा धुऊ दिले नाहीत. हात धरता येत नव्हता, म्हणून दोराचं टोक तिच्यापुढे केलं. तिनं फास घट्ट पकडला. मग दावण हलली, घुंगरं वाजली, वरून दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली उतरू लागल्या. प्रत्येक टोपलीत बोजाऱ्याच्या बांधून ठेवलेल्या पुड्या. ओळीनं एकेक पोर पुढे होई, आपली पुडी घेई, मागे सरे. कोणाला धक्का नाही, कोणाला शिंग नाही. अंगणाला तिसरा फेरा पडला तेव्हा रेवा मान वर करून मला शोधत होती. तिचा मास्क गालांवर ताणला गेला होता, इतकी ती हसत होती. मी जिन्यावरून कसा खाली आलो ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवाला ताप आला.

हे मी एका माणसाखेरीज कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून आज लिहितो. थर्मामीटर पाहिला तेव्हा आधी माझ्या मनात भीती आली नाही. आधी आलं ते 'बघा, मी म्हणत होतो.' पोटच्या पोरीच्या तापानं मला क्षणभर बरं वाटलं. भीती त्याच्या मागून आली.

बायकोनं बाईंना फोन केला. बाई किट चढवून आल्या, घसा पाहिला. मी रेवाला रिक्षात बसवलं आणि बाई स्वतः तिला तपासणीला घेऊन गेल्या. परत आल्यावर अंगणात उभ्या राहिल्या आणि सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "रेवाले ताप आहे. रिपोर्ट उद्या येते. आपापल्या लेकरांवर ध्यान ठेवा." मग घरात गेल्या. जाता-येता मला त्यांच्या खिडकीतून दिसलं, पलंगावर बॅग उघडी होती आणि बाई पातळांच्या घड्या घालत होत्या.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर आला. कोरोना नव्हता. डॉक्टर म्हणाले, टॉन्सिल सुजलेत, थंड काही खाल्लं का? तेव्हा मला आठवलं. पोळ्याच्या संध्याकाळी, पोरगी इतक्या महिन्यांनी खाली आली या आनंदात, मी फाटकावर कुल्फीवाल्याला थांबवलं होतं. तिनं एक मागितली, मी दोन दिल्या. दुसऱ्या कोणाच्या पोराला साधी शिंकही आली नव्हती.

मी पहिल्यांदाच बाईंच्या दाराशी स्वतःहून गेलो. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. बाईंनी सवयीनं हात पाहायला मान खाली घातली. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला, आणि कुल्फीचं ऐकून म्हणाल्या, "मी दावणीले बांधून लेकरं जपली, अन् तू कुल्फी चारली." आवाज मोठा होता, पण त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा कळलं की कालपासून बाई बसल्याच नव्हत्या.

मी तिथंच उभा राहून त्यांना सांगितलं. ताप आल्यावर आधी काय वाटलं होतं ते. मग थांबता येईना, म्हणून ऑफिसातल्या त्या समारंभाचंही सांगितलं, आईचंही. शब्द नीट जुळत नव्हते. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. हातांकडे नाही.

"तुले बरं वाटलं, तेवढ्यात तू पोरीले खाली आणून बसवलं होतं रिक्षात," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं न. तिच्या उशाशी बैलही ठेवला होता तूच. अन् मायचं म्हणशील तं, ते तुह्या मायले मालूम होतं. खाटेवर मले म्हणे, पोराले सांगू नका मी विचारलं म्हणून, पण त्याचा खोकला गेला का?"

मी किती वेळ रडलो ते सांगत नाही. बाईंनी पाण्याचा पेला आणून स्टुलावर ठेवला आणि शिंगभर अंतरावर उभ्या राहिल्या. मग वाकून बॅगेची चेन ओढली, पातळं बाहेर काढली आणि कपाटात लावू लागल्या.

"डोळे पूस गा, सेक्रेटरी," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "उद्या गणपती बसते. लेकरांनी आरती कशी कराची ते आज ठरवू. पाच वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांड. अन् पोरीले घेऊन ये."